वाकलेल्या पाठीला मायेचा हात



बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याला जुवाला लावत नाही. चार दिवस विसावा देतो, हळद-तेल लावतो. घरच्या लक्ष्मीची कंबर धरली तर मात्र म्हणतो, "एवढी पात होऊ दे." हा दोष तुम्हाला देत नाही. मी स्वतः असेच बोललो आहे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. दोरीवर भाताची लावणी चालली होती. एक वयस्क मावशी मध्येच उभ्या राहिल्या. पाहुणे येण्याआधी वाफा पुरा व्हावा म्हणून मी ओरडलो, "मावशी, वाका!" त्या म्हणाल्या, "साहेब, वाकता येतंय हो. सरळच होता येत नाही." सगळे हसले, मीही हसलो. आज पन्नाशी उलटल्यावर सकाळी माझी पाठ धरते, तेव्हा ते हसणे मला टोचते.

सरळ का होता येत नाही?

संत्रे सोलून पाहा. सालीखाली पांढरे जाळे, प्रत्येक फोडीला पापुद्रा आणि आत रसाच्या प्रत्येक कणालाही वेगळे आवरण. आपल्या शरीरातही तसेच आहे. प्रत्येक स्नायूवर आणि त्यातील धाग्यांवर पातळ, चिवट आवरण असते. शास्त्रात त्याला संयोजी ऊती म्हणतात. हे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात म्हणून आपण वाकतो, वळतो. तासन् तास एकाच ठेवणीत राहिले की अंग आखडते.

या आवरणाकडे अमेरिकेतील डॉ. आयडा रॉल्फ या बाईंनी बारकाईने पाहिले. त्या वैद्य नव्हत्या, जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. १९२० साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. योगाचाही त्यांनी अभ्यास केला होता. बोटे, मुठीचे सांधे व कोपर यांनी सावकाश दाब देऊन अंगाची ठेवण सुधारण्याची पद्धत त्यांनी बसवली. तिच्यात साधारण १० बैठका असतात. १९७९ साली त्या वारल्या. पद्धत 'रॉल्फिंग' नावाने आजही चालते.

तिचा काहींना आराम पडतो. परंतु भक्कम पुरावा अजून थोडाच आहे. दाबाने आवरण कायमचे लांबते असे सिद्ध झालेले नाही. मज्जातंतूंना विसावा मिळून स्नायू सैल पडतो, असेही अभ्यासक मानतात. म्हणून चमत्काराची आशा नको. ते जोरकस काम शिकलेल्या माणसाचेच. घरी त्याची नक्कल करू नये.

घरी काय करावे?

हलक्या हाताने चोळणे मात्र घरोघरी जमेल. माणसाला सतरंजीवर पालथे झोपवा. थोडे कोमट तेल घ्या. मणक्याच्या हाडावर दाब देऊ नका. दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर तळहात टेकवा. झोपलेल्याने श्वास सोडला की हळूहळू दाब वाढवा आणि कमरेकडून खांद्याकडे सावकाश सरका. नंतर कुल्ले आणि मांड्यांची मागची बाजू घ्या. पाच-दहा मिनिटे पुरेत. झोपलेला श्वास रोखू लागला तर दाब जास्त झाला असे समजावे.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाणे, पोराला पाठीवर चालवणे, कडकड हाडे मोडून घेणे हे प्रकार बंद करा. पडल्यामुळे दुखत असेल, ताप असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, पोटरी सुजून दुखत असेल, तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाई व हाडे ठिसूळ झालेली वृद्ध माणसे यांच्याबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

शेतात काय करावे?

रात्री चोळले आणि दिवसभर पुन्हा तसेच वाकवले, तर उपयोग काय? अर्ध्या तासाने एकदा उभे राहा, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे झुका. खुरपणी, वेचणी, वाहतूक ही कामे आलटून पालटून करा. जिथे जमेल तिथे खुरप्याऐवजी लांब दांड्याचे हातकोळपे वापरा. दांडा मात्र चालवणाऱ्याच्या उंचीला साजेसा हवा. पुरुषाच्या मापाचे अवजार बाईच्या हाती देऊन तिची कंबर कशी वाचेल?

एकरी किती रोपे लावावीत, हे मी इतकी वर्षे सांगत आलो. त्यासाठी किती वेळा वाकावे लागते, ते कधी मोजले नाही. यंदाच्या लावणीत एखादी मावशी पातीत सरळ उभी राहिली, तर तिला हाक मारून खाली वाकवू नका. दोरी खाली ठेवा आणि म्हणा, "चला, सगळ्यांनीच जरा पाठ सरळ करू या."