औषध तेच, दिवस चुकला

आंब्यासारखीच पोटात कठीण बाठा असलेली पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी ही फळे थंड मुलखाची. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातले राजगढ तर पीचसाठीच ओळखले जाते. या बागांत बुरशीनाशके फवारली जातात भरपूर, पण त्यांच्याविषयीचे गैरसमजही तितकेच पक्के.

गैरसमज : पाने मुरडली की लगेच फवारावे.
वस्तुस्थिती : पीचचे पान जाड, लालसर, फोड आल्यासारखे दिसते, तेव्हा वेळ टळून गेलेली असते. टॅफ्रिना ही बुरशी कळ्या फुगत असतानाच, थंड ओल्या हवेत आत शिरते. मुरडलेले पान औषधाने सरळ होत नाही. फवारणी पानगळीनंतर किंवा कळ्या फुगण्याआधी करायची, तीही प्रत्येक कळी भिजेल अशी.

गैरसमज : बोर्डो मिश्रण कधीही मारले तरी चालते.
वस्तुस्थिती : त्यातले तांबे पीचची कोवळी पाने जाळते, म्हणून झाड निष्पर्ण असतानाच ते वापरावे. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. घासलेला लोखंडी विळा त्यात बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. जर्दाळूला असेच गंधकाचे वावडे असते.

गैरसमज : डबा बदलला म्हणजे औषध बदलले.
वस्तुस्थिती : प्रोपिकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल ही नावे वेगळी, पण बुरशीवर दोन्हींचा घाव एकाच जागी बसतो. एकाच गटाचा मारा होत राहिला की बुरशी निर्ढावते. फळे कुजवणारी मोनिलिनिया बुरशी १९७०च्या दशकातच बेनोमिल या बुरशीनाशकाला जुमानेनाशी झाली होती. म्हणून ब्रँड नव्हे, टेक्निकल नाव वाचावे आणि गट आलटून पालटून वापरावेत.

गैरसमज : डिंक गळतोय म्हणजे बुरशीच.
वस्तुस्थिती : खोडात शिरलेली अळी, जखम, जिवाणूंचा कँकर, यांपैकी कशानेही डिंक येतो. आधी साल तपासावी, मग औषधाचे ठरवावे.

गैरसमज : फवारणी झाली, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती : कुजलेली फळे वाळून, सुरकुतून फांदीलाच चिकटून राहतात. पुढच्या फुलोऱ्याला लागणारी बुरशी तिथेच हिवाळा काढते. छाटणीच्या वेळी ही वाळलेली फळे तोडून खोल पुरली, तर पुढच्या हंगामाची लढाई निम्मी सोपी होते. आणि त्या कामाला पंप लागत नाही, कात्री आणि फावडे पुरते.