एका पंगतीची भाकर

मराठी बायबल करणाऱ्यांनी येशूच्या हातात पाव दिला नाही, भाकर दिली. जालन्याच्या माणसाला भाकर म्हटले की ज्वारीची आठवते, तव्यावर फुगलेली, ठेच्यासोबतची. चर्चमध्ये मात्र हातावर पडते ती गव्हाची. कॅथॉलिकांकडे बेखमीर पिठाची पातळ पांढरी चकती, प्रॉटेस्टंटांकडे बहुधा पावाचा लहानसा तुकडा. कॅथॉलिकांचा दंडक कडक आहे. गव्हाखेरीज दुसरे धान्य वेदीवर चालत नाही आणि २०१७ मध्ये व्हॅटिकनने तो पुन्हा बजावून सांगितला. मराठवाड्याच्या मुख्य धान्याला त्याच्याच गावच्या वेदीवर जागा नसावी, याची मला थोडी गंमत वाटते, थोडी खंतही.

भाकर घेण्याच्या या विधीला कॅथॉलिक मिस्सा म्हणतात, प्रॉटेस्टंट प्रभुभोजन. भाकर खरोखरच ख्रिस्ताचे शरीर होते की ख्रिस्त तिथे आत्मिक रूपाने असतो, यावर युरोपात पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या गेल्या. जालन्यात या विधीचे मोल ठरले ते वेगळ्याच प्रश्नावर: कोणाच्या हातचे, आणि कोणाच्या शेजारी बसून?

त्यासाठी १८४३ च्या मुंबईत जावे लागते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांच्यात जेवला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, पण जात त्याला परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. सारा वाद पेटला तो ताटावरून. मुलाने कोणता देव मानला, हे कोणी फारसे विचारलेच नाही. तो काय जेवला आणि कोणात जेवला, एवढेच विचारले.

थोरला नारायण १८५४ मध्ये स्कॉटिश फ्री चर्चचा दीक्षित पाळक झाला आणि पुढच्या दशकात निजामाच्या मुलखातल्या जालन्यात आला. तेव्हाचे जालने म्हणजे छावणीचे गाव. त्याच्याकडे आलेल्यांत मांग आणि महार मोठ्या संख्येने होते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्याने शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बेथेल म्हणजे देवाचे घर. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत तो जालन्याच्या कामाविषयी बोलून आला. १८९१ मध्ये तो वारला.

त्या वस्तीतले प्रभुभोजन डोळ्यांसमोर आणून पाहा. भाकर मोडणारा जन्माने ब्राह्मण. ती घेणाऱ्यांची सावलीही गावाला चालत नव्हती. प्याला एक, आणि तो हातोहात फिरणारा. सिद्धान्ताचे पुस्तक न उघडताही त्या लोकांना अर्थ कळला असणार. याचा अर्थ जात तिथेच संपली, असा मात्र नाही. दक्षिणेत तर प्रभुभोजनाच्या मेजापाशीही जातीच्या रांगा राहिल्या होत्या. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ मध्ये त्या मोडण्याचे फर्मान काढावे लागले. आपल्याकडे लग्न जमवताना आजही काय काय विचारले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. भाकर एकत्र, सोयरीक वेगळी!

छावणीतले इंग्रज अँग्लिकन पद्धतीने वेदीपुढे गुडघे टेकून प्रभुभोजन घेत. स्कॉटिश रीत जागेवर बसून घेण्याची, मंडळीच्या वडिलांनी ताट फिरवण्याची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. गुडघे टेकणारे आणि बसून घेणारे तेव्हा एका छपराखाली आले. प्याल्यातल्या द्राक्षारसात दारू नको म्हणणाऱ्यांचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी न आंबणारा द्राक्षरस तयार केला आणि दारूबंदीवाल्या पाळकांची सोय झाली. जालन्याजवळचे कडवंची तर आज द्राक्षांसाठीच नावाजलेले आहे.

कॅथॉलिकांची वाट वेगळी. फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे धर्मगुरू १८९२ मध्ये वैजापूरकडच्या घोगरगावी आले आणि मराठवाड्यात मिशन पसरले. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा, जालना त्यातच येतो. मिस्सा तोवर मराठीत आली होती. लॅटिनची सक्ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सैल केली. पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि तिच्यासाठी सहावे पोप पॉल आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. पण धर्मग्रामातल्या म्हातारीला पोपपेक्षा मोठी गोष्ट ही वाटली असेल, की वेदीवर काय चालले आहे ते आता तिला शब्दाशब्दाने कळत होते.

एकाच शहरातल्या या दोन मंडळींचे मेज मात्र अजून एक नाही. नाताळाला एकमेकांना फराळ जातो, पण एकमेकांच्या वेदीवरचा घास घेतला जात नाही. श्रीपतच्या जातवाल्यांना नावे ठेवताना हे आपण विसरू नये.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मिस्सा मोबाइलवर आली. प्रवचन फोनवर ऐकता येते, प्रार्थना म्हणता येते. घास कसा घ्यायचा? राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, ऐन दिवाळी पाडव्याला उघडली. शहरवाल्यांचा उपास आठ महिन्यांचा होता. खेड्यातल्या मंडळीला तो नवा नाही. विधी दीक्षित पाळकानेच करायचा, आणि एका पाळकाकडे अनेक गावे. तो येईल त्या रविवारी प्रभुभोजन.

त्यातच हा अंक हाती येईल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या बेतात असतील. कोयता घेऊन गेलेले कुटुंब नाताळाला फडातच असते, परतते ते थेट ईस्टरच्या सुमारास. तेव्हा पाळकसाहेबांना आणि फादरांना एकच विनंती: यंदा खेड्यातले प्रभुभोजन ट्रक भरण्याच्या आधीच्या रविवारी धरा.