पाहुणे थेट दारात

मंडळी, पन्नाशी उलटली, मुलं युनिव्हर्सिटीत गेली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात एक किडा वळवळू लागतो. समुद्रकाठी छोटंसं घर घ्यावं, वर्षातले तीन-चार आठवडे आपण राहावं आणि बाकीचे दिवस पाहुण्यांना भाड्यानं द्यावं. घराचा हप्ता परस्पर फिटेल, असा हिशोब. हा हिशोब खरंच जमतो का, ते विचारायला आपल्या मंडळातल्या एका जोडप्याला गाठलं. त्यांचं व्हिटबीत दोन बेडरूमचं दगडी घर आहे, २०१६ पासून. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं काका-काकू म्हणते.

व्हिटबी बहुतेकांनी पाहिलं असेल. वर ॲबीचे अवशेष, तिथे चढायच्या १९९ पायऱ्या, खाली बंदर आणि मासळीचा वास. कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ जहाज इथलंच. ड्रॅक्युलाची कादंबरी १८९७ साली आली, तेव्हापासून त्याचेही भक्त येतात. काळ्या कपड्यांतल्या मंडळींचा गॉथ वीकेंड १९९४ मध्ये सुरू झाला. काकू म्हणतात, “काजळ उशीच्या अभ्य्रांना लागतं तेवढंच, बाकी इतके सभ्य पाहुणे दुसरे नाहीत. जाताना पुढच्या वर्षीचं ठरवून जातात.”

या शेवटच्या वाक्यातच सगळा धंदा आहे. बुकिंग डॉट कॉम १९९६ साली नेदरलँड्समध्ये निघालं, एअरबीएनबी २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत. त्यांच्यामुळे घरबसल्या जगभरचा पाहुणा मिळू लागला हे खरं. पहिल्या वर्षी त्यांच्याशिवाय आमच्याकडे कुत्रंही आलं नसतं, असं काका मोकळेपणानं सांगतात. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. ज्या कंपनीमार्फत त्यांची बुकिंगं होती, तिनं न विचारता सगळ्यांचे पैसे परत केले. ईस्टरची चार बुकिंगं एका सकाळी गेली. पैसे परत द्यायला काकूंची ना नव्हतीच. पण ‘पुढे कधीतरी याल का?’ एवढं विचारायला त्यांच्याकडे एकाही पाहुण्याचा नंबर नव्हता. चार वर्षं ज्यांच्या चादरी धुतल्या, ते पाहुणे आपले नव्हतेच, कंपनीचे होते, हे त्या दिवशी लक्षात आलं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे किंवा नाशिकचे तीर्थोपाध्ये आठवा. अमुक गावचे अमुक आडनावाचे लोक आले की उपाध्ये वही काढून आजोबा-पणजोबा कधी आले होते ते दाखवतात. राहण्या-जेवण्याची सोयही बहुधा त्यांच्याकडेच. ती वही हीच त्यांची इस्टेट. काकूंनी टाळेबंदीत हेच केलं, एक जाड वही आणली.

आता पैशांचं. पाच रात्री, रात्रीचे १२० पौंड, म्हणजे ६०० पौंड. १५ टक्के कमिशन धरलं तर ९० पौंड गेले. वर्षाला अशी २५ बुकिंगं धरली तर २,२५० पौंड. थेट बुकिंगमध्ये कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीला दोनेक टक्के, म्हणजे वर्षाचे ३०० पौंड. वेबसाइट आणि कॅलेंडर जुळवणारं सॉफ्टवेअर मिळून काकांना चारशेच्या आसपास पडतात. हाती राहिले साधारण १,५५० पौंड. त्यात एक वॉशिंग मशीन आणि बाहेरचा रंग निघतो. बंगला निघत नाही.

शिवाय कंपनी करत होती ती सगळी कामं आता आपली. काकांनी एका पानाच्या अटी लिहून घेतल्या: बुकिंगच्या वेळी २५ टक्के, उरलेले सहा आठवडे आधी, रद्द केल्यास काय ते स्पष्ट. ऑनलाइन खरेदीला इथं १४ दिवसांत माघार घेता येते, पण ठराविक तारखांच्या राहण्याच्या बुकिंगला तो नियम लागू नाही, म्हणून आपल्या अटी आधीच पाहुण्यासमोर असलेल्या बऱ्या. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार म्हणजे जास्त पैसे पाठवून ‘चुकून गेले, उरलेले या दुसऱ्या खात्यात टाका’ असा निरोप. उत्तर एकच: पैसे पक्के जमा होईपर्यंत थांबायचं, आणि ज्या कार्डावरून आले त्यावरच परत करायचे. कॅलेंडरं एकमेकांना जोडलेली असली तरी बदल पोचायला मध्ये काही तास जाऊ शकतात. म्हणून थेट बुकिंग आलं की काका आधी बाकीच्या ठिकाणी ती तारीख हातानं बंद करतात, मग चहा पितात.

कंपन्या त्यांनी पूर्ण सोडलेल्या नाहीत. नवा पाहुणा पहिल्यांदा बहुधा तिथूनच येतो. मात्र कंपनीच्या निरोप-पेटीतून ‘आमच्याकडे थेट या’ असं सुचवायचं नाही. ते नियमाविरुद्ध आहे, आणि माझ्या मते शोभतही नाही. घरात टेबलावर कार्ड असतं, पाहुणेवही असते. ज्याला वाटेल तो नाव-पत्ता लिहितो. ज्यांनी स्वतःहून हो म्हटलंय, त्यांनाच काकू वर्षातून दोनदा पत्र धाडतात. पत्रात सवलतीचा भडिमार नसतो. बंदरावर सील दिसले, कुठली बेकरी बंद झाली, असलं काहीबाही असतं. आता चारांतली तीन बुकिंगं थेट येतात.

त्यातली बरीच आपलीच माणसं. पुण्याहून आई-वडील तीन महिन्यांसाठी येतात, त्यांना हॉटेलचा तोच तो नाश्ता नको असतो. इथे कुकर आहे, कढई आहे, पोळपाट-लाटणं आहे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेचा अलार्म बसवलाय, त्यामुळे फोडणीला घर दणाणत नाही. ओट्याचा पांढरा दगड मात्र हळदीला शरण गेला.

पण आपल्या माणसांची एक पंचाईत असते. ‘काकू, शनिवार-रविवार रिकामंच आहे ना?’ यातला ‘रिकामंच’ हा शब्द महागात पडतो. इंग्लंडमध्ये अशा घराला काउन्सिल टॅक्सऐवजी बिझनेस रेट्स लागू व्हायचे, तर घर वर्षाला १४० रात्री भाड्यासाठी उपलब्ध हवं आणि आधीच्या १२ महिन्यांत ७० रात्री खरोखर गेलेलं हवं. एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे. छोट्या घराला सवलतीमुळे रेट्स बहुतेक वेळा शून्यच येतात. सत्तर भरले नाहीत तर काउन्सिल टॅक्स, आणि नॉर्थ यॉर्कशायरमध्ये दुसऱ्या घराला तो एप्रिल २०२५ पासून दुप्पट. भाच्याला प्रेमानं फुकट दिलेल्या रात्री त्या सत्तरांत धरत नाहीत! म्हणून काकूंचा दर ठरलेला: मंडळाच्या सभासदाला दहा टक्के सूट, आगाऊ रक्कम सगळ्यांना सारखी. दोन घरांत बोलणं थोडं कमी झालं, काकू म्हणाल्या. त्यावर आणखी बोलल्या नाहीत.

दुसरा मोठा बदल इन्कम टॅक्सचा. सुट्टीच्या घरांना धंदा मानून मिळणाऱ्या खास सवलती एप्रिल २०२५ पासून गेल्या. कर्जावरचं सगळं व्याज आता खर्चात धरता येत नाही, त्यावर २० टक्क्यांपुरतीच सूट मिळते. चाळीस टक्क्यांच्या पट्टीत असलेल्यांना हे चांगलंच लागतं. काका-काकूंचं कर्ज थोडं राहिलंय, म्हणून निभावतं. आज नव्यानं मोठं कर्ज काढून कुणी उतरणार असेल तर मी तरी ‘थांबा’ म्हणेन.

इतर कागदपत्रं: गॅसची तपासणी दर वर्षी, आगीच्या धोक्याची लेखी पाहणी, पाहुण्यांची जबाबदारी घेणारा विमा (साधा घराचा विमा चालत नाही), आणि बँकेची परवानगी. फ्लॅट असेल तर लीज वाचा. २०१६ च्या एका निकालात ‘खासगी निवासस्थान’ एवढ्या अटीवरूनही काही दिवसांच्या भाड्याला मनाई ठरली. लंडनमध्ये परवानगीशिवाय वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे आणि थेट बुकिंगच्या रात्रीही त्यात मोजायच्या असतात. आणि एक गमतीचा नियम, १९७२ चा: १६ वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवून १२ महिने ठेवायचं. परदेशी माणसाचा पासपोर्ट नंबरही घ्यायचा, पण कॉमनवेल्थवाले त्यातून वगळलेले. म्हणजे पॅरिसहून आलेल्याला पासपोर्ट दाखवावा लागतो, सदाशिव पेठेतल्या आजोबांना नाही.

एक प्रश्न मी भीत भीतच विचारला. जून २०२२ मध्ये व्हिटबीत मतदान झालं. नवी घरं कायम तिथं राहणाऱ्यांनाच मिळावीत, असं सुमारे ९३ टक्के मतदारांनी सांगितलं. ते मतदान बंधनकारक नव्हतं, पण गावाच्या मनात काय आहे ते कळलं. सुट्टीच्या घरांमुळे तिथल्या तरुणांना घर मिळेनासं झालंय. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमची साफसफाई करणारी मुलगी रोज पाऊण तास बसनं येते. तिला गावात घर परवडत नाही. ते आमच्यामुळेही आहे.” तिचा तासाचा दर त्यांनी वाढवला, सुतार-प्लंबर गावातलेच धरले, हिवाळ्यात चार महिने घर एखाद्या स्थानिक कुटुंबाला द्यावं का यावर दोघांचं बोलणं चाललंय. काकूंना पटतंय, पण मग १४० आणि ७० चं गणित कसं बसवायचं यावर काका अडलेत. दोघांचं अजून एकमत नाही.

तोवर वही चालू आहे. ऑगस्टमधला रेगाटाचा आठवडा नेहमीच्या मंडळींनी आधीच घेतलाय. नोव्हेंबरात आठवड्याच्या मधल्या रात्री मोकळ्या आहेत. वारा फार असतो, जाड कोट न्यावा. फोन नंबर संपादकांकडे मिळेल. कृपया रात्री नऊनंतर करू नये.