दोन भाऊ, दोन वाटा

अमेरिकेतील हिप-हॉप संगीतात एक जण शब्द म्हणतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे जुळवून त्याला साथ रचणारा दुसरा, तो प्रोड्यूसर. कॅलिफोर्नियातील मॅडलिब व ओ नो हे सख्खे भाऊ, आणि दोघेही प्रोड्यूसर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. २००७ साली दोघांची कंपनी एकच होती. तरीही थोरल्याने हिंदी चित्रपटसंगीत निवडले, धाकट्याने तुर्कस्तान-लेबनॉनचे. तुलना टाळण्याचा मार्ग तोच. २०१० साली मॅडलिबने स्वतःची कंपनी काढली. ओ नोची अल्केमिस्टसह केलेली ध्वनिमुद्रिका अन्यत्र निघाली. दोघांच्या जोडीचा ‘द प्रोफेशनल्स’ आला तो २०२० साली. त्यात मॅडलिबने साथ रचली, ओ नोने शब्द म्हटले. सहकार्य जुळते ते रक्ताच्या नात्याने नव्हे, कामाच्या वाटणीने.