ओळख, परवाना आणि पत्ता

मराठीत ‘ओळखपत्र’ आणि ‘परवाना’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः त्यांची कामे भिन्न आहेत. ओळखपत्र ‘हा कोण?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देते. परवाना ‘ह्याला जाऊ द्यावे काय?’ ह्या प्रश्नाचे. स्वतःच्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेल्या नागरिकाला दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने देशभर संचार करण्याचा हक्क दिला आहे तो नागरिकाला. केवळ ‘व्यक्ती’ला नव्हे. म्हणून ज्याने ह्या देशात घर केले, येथल्या शाळेत जो शिकला, पण ज्याला नागरिकत्व लाभले नाही, त्याच्या हातातील कागद दिसतो ओळखपत्रासारखा आणि वागतो परवान्यासारखा. हा फरक कायद्याच्या पुस्तकापेक्षा लॉजच्या टेबलावर लवकर कळतो. नागरिक तेथे ओळखपत्राची प्रत देतो, वहीत सही करतो आणि किल्ली घेतो. परकीय पाहुण्याची माहिती मात्र मालकाने चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावयाची असते. त्या कागदाला आजवर ‘सी फॉर्म’ म्हणत आले आहेत.

दक्षिण बंगळुरातील जयनगर ही आखीव वसाहत आहे. १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिचा आरंभ झाला आणि म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार ह्यांचे नाव तिला मिळाले. येथे पत्ता सांगावयाचा तो ब्लॉक, मेन आणि क्रॉस ह्यांच्या क्रमांकांनी. घर सापडण्यास माणसाचे नाव जवळजवळ लागतच नाही. मुंडगोडहून शिकावयास आलेला एखादा तिबेटी विद्यार्थी अशा एका क्रॉसवर खोली घेऊन राहतो, असे मानावे. त्याचा राहता पत्ता चौथ्या ब्लॉकमधला. कायद्यातला पत्ता उत्तर कन्नड जिल्ह्यातला. त्याच्यापाशी परकीयांचे नोंदणीपत्र असते. त्यावर छायाचित्र, क्रमांक, नोंदणी कार्यालयाचे नाव, आणि मुदतवाढीचे शिक्के. बोलण्यात त्याला सर्वजण ‘आर. सी.’ म्हणतात. नोंदणीच्या जुन्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या पत्त्यापासून आठ आठवडे किंवा अधिक काळ दूर राहणाऱ्या परकीयाने तसे कळविले पाहिजे, आणि ज्या जिल्ह्यात तो तितके दिवस राहील तेथील अधिकाऱ्यालाही आपली उपस्थिती कळविली पाहिजे. महाविद्यालयाचे एक सत्र आठ आठवड्यांहून मोठे असते, हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे प्रवासी होता, विद्यार्थी नव्हता.

ज्याचा जन्म मुंडगोडचा, कन्नड ज्याला उत्तम येते, हुबळीची बस ज्याच्या लहानपणाचा भाग आहे, त्याला ‘परकीय’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात आले. त्यांच्या मागोमाग आलेल्यांसाठी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे १९६० मध्ये वसाहत सुरू झाली, मुंडगोडला १९६६ मध्ये. ल्हासाजवळचे सेरा विद्यापीठ बैलकुप्प्याला आणि ड्रेपुंग व गांदेन मुंडगोडला पुन्हा उभे राहिले. मुंडगोड ज्या जिल्ह्यात आहे तो १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. हल्याळ, कारवार ह्या परिसरात मराठी-कोंकणी अजून कानी पडते. खुद्द महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे. आजच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलपट्टीत, १९७२ मध्ये वसलेली नोर्गेलिंग. मराठी वाचकाला मात्र हा समाज भेटतो तो हिवाळ्यात, शहरातील स्वेटरच्या बाजारात. दिवाळीच्या आसपास दुकाने लागतात आणि थंडी ओसरली की उठतात. हा हंगामही आठ आठवड्यांत मावत नाही. म्हणजे ज्या व्यवसायावर ह्या वसाहतींतील कित्येक घरे चालली, तो व्यवसाय दर वर्षी नोंदणीच्या नियमाला ओलांडून जातो, आणि दर वर्षी कोणीतरी कागद घेऊन पोलीस कचेरीत जाऊन बसतो.

नियमांचे मूळ पाहिले म्हणजे त्यांचा स्वभाव उलगडतो. परकीयांच्या नोंदणीचा कायदा १९३९ चा, परकीयांविषयीचा मुख्य कायदा १९४६ चा. दोन्ही महायुद्धाच्या छायेतले, दोन्ही परक्या राजवटीचे. त्यांत ‘निर्वासित’ हा शब्दच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही; तेव्हा जो नागरिक नाही तो परकीय, एवढीच विभागणी उरते. १ सप्टेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन स्थलांतर व परकीयांविषयीचा एकच नवा कायदा अमलात आला. त्यातही लॉजमालक, विद्यापीठे, रुग्णालये ह्यांच्यावर परकीयांची माहिती कळविण्याचे दायित्व आहेच. नोंदणी केलेल्या तिबेटींना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट आहे. पण सूट म्हणजे हक्क नव्हे.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. मराठीतला ‘निर्वासित’ हा शब्द माणसाला कोठून घालविले ते सांगतो. हिंदीतला ‘शरणार्थी’ तो कशासाठी आला ते सांगतो. नोंदणीपत्रावरील ‘परकीय’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द ह्यांपैकी काहीच सांगत नाही. तो केवळ यादीची बाजू दाखवितो.

प्रवासाच्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र गेल्या काही वर्षांत एक चमत्कारिक सुलभता आली आहे. देशांतर्गत विमानासाठी वा आगगाडीसाठी चालणाऱ्या कागदांच्या याद्या नागरिक गृहीत धरून केलेल्या असतात : मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक. परदेशी प्रवाशाने पासपोर्ट दाखवावा अशी अपेक्षा असते. तिबेटीकडे तो नसतो. परदेशी जाण्यासाठी भारत सरकार त्याला पिवळ्या वेष्टनाचे ओळख-प्रमाणपत्र देते, पण ते नाव वाचून तपासनीसाचे समाधान होईलच असे नाही. ह्या अडचणीतून वाट काढली ती आधारने. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावात दिले गेले. २०१६ च्या आधार कायद्याने ते ‘रहिवाशा’ला देऊ केले : मागील बारा महिन्यांत १८२ दिवस येथे राहिलेल्या कोणालाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. ह्या क्रमांकावर इतर बाबतीत घेतले गेलेले आक्षेप गंभीर आहेत आणि ते येथे बाजूला ठेवावे लागतात. परंतु विमानतळाच्या दाराशी जयनगरचा विद्यार्थी आणि टेंभलीची बाई ह्यांना तो एकच प्रश्न विचारतो, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. दाराच्या आत गेल्यावर, मुक्कामी, पुन्हा सी फॉर्म येतो.

त्याच क्रॉसवरील एखाद्या मराठी घरात अमेरिकेत जन्मलेली नात सुट्टीला आली असेल. कायद्याने तीही परकीयच. पण २००५ पासून तिच्यासाठी समुद्रपार नागरिकांची स्वतंत्र योजना आहे, आणि देशांतर्गत विमानभाडे तिला भारतीयाइतकेच पडावे अशी तरतूद आहे. तिकडे न्यू जर्सीत तिच्या आईकडे ग्रीन कार्ड असेल, तर ते सतत जवळ बाळगणे अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या कायद्याचे मूळ १९४० च्या परकीय नोंदणीत आहे. भारतातील १९३९ आणि तेथील १९४० ही वर्षे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

तिबेटींच्या बाबतीत सर्वांत तीक्ष्ण रेघ मात्र एका तारखेची आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, आईबाप कोणीही असोत, जन्माने नागरिक ठरते. कितीतरी वर्षे कचेऱ्यांनी हे कलम तिबेटींना लावले नाही. नामग्याल डोलकर ह्यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ते लावले; कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोच निर्णय दिला; २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा व्यक्तींची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. एकाच घरात १९८६ ची बहीण नागरिक आणि १९८८ चा भाऊ परकीय, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. दोघे मुंडगोडहून एकाच बसने निघतात; हुबळीच्या लॉजवर त्यांचे कागद वेगवेगळ्या वाटांनी जातात. शिवाय २०१७ मध्ये पासपोर्ट देताना अशा अटी घालण्यात आल्या, की नोंदणीपत्र परत करावे आणि वसाहतीत राहू नये. नागरिकत्वाचा कागद हवा असेल तर पत्ता सोडा, असा त्याचा अर्थ होतो. ज्यांचे आईबाप डोंगरातील रस्त्यांवर खडी फोडीत तंबूत राहिले, त्यांच्यापैकी कितींच्या जन्माची नोंद झाली असेल, हा प्रश्न तर त्याही आधीचा.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हे सारे अपरिचित वाटू नये. कौटिल्याने मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देतो, आणि ती असलेल्यानेच जनपदात यावे किंवा जनपदाबाहेर जावे. खोट्या मुद्रेला दंड आहेच. पण तोच अपराध बाहेरच्या जनपदातील माणसाकडून घडला तर दंड अधिक. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त पाचव्या अंकाचे सारे यंत्र ह्याच नियमावर फिरते : छावणीबाहेर जाण्यास मुद्रा हवी, आणि ती नसलेला सिद्धार्थक पकडला जातो. अर्थात त्याला पकडले जावयाचेच होते, हा चाणक्याचा डाव. मराठी दप्तरांत ह्याच जातीच्या कागदाला ‘दस्तक’ म्हणत.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ ह्या नाटकाची (१९७२) चर्चा बहुधा सत्ता आणि ब्राह्मण्य ह्या अंगांनी झाली. पण त्यातला घाशीराम मुळात परगावाहून आलेला, पुण्यात चोर ठरवून हाकलला गेलेला माणूस आहे, आणि कोतवाल होताच तो रात्री बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुणेकराकडे परवाना मागतो, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात अधिक बोलकी वाटते. ज्याची ओळख नाकारली गेली तो साऱ्या शहराला परगावचे करून टाकतो. इतिहासातही १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत गुदमरून मेले ते तेलंगणातून आलेले ब्राह्मण होते. 

आजच्या काळात ह्या कागदाला वाङ्मयीन रूप देणारा लेखक म्हणजे तेनझिन त्सुंदुए. मनालीजवळ रस्त्यावर मजुरी करणाऱ्या तिबेटी घरात तो जन्मला. मद्रास आणि मुंबई येथे शिकला. २००१ मध्ये ‘आउटलुक-पिकाडोर’ पुरस्कार मिळविणारा त्याचा निबंध इंग्रजीत आहे, आणि नोंदणीपत्र हा त्याच्या लेखनातील एक स्थायी विषय आहे. एप्रिल २००५ मध्ये चिनी पंतप्रधान वेन च्यापाओ बंगळूरला आले असता भारतीय विज्ञान संस्थेच्या मनोऱ्यावर चढून त्याने तिबेटचा ध्वज फडकविला. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात हू चिंताओ ह्यांच्या भेटीच्या काळात त्याने धर्मशाळा सोडू नये असा हुकूम त्याला बजावण्यात आला. ओळखपत्र परवान्यात बदलते ते अशा वेळी उघड होते. एरवी दोहोंमधील शिवण दिसत नाही.

ह्या लेखकाला कोठे ठेवावे, ह्याचा निर्णय आपल्या विभागांनी टाळलेला दिसतो. साहित्य अकादमीने मान्य केलेल्या चोवीस भाषांत इंग्रजी आहे, तिबेटी नाही. भारतीय इंग्रजी साहित्य म्हणावे तर लेखक स्वतः त्या विशेषणाला हरकत घेईल. तिबेटी म्हणावे तर भाषा, शिक्षण, संदर्भ, विनोद, सारे भारतातले. त्याचा पहिला कवितासंग्रह १९९९ मध्ये निघाला तो मुंबई विद्यापीठात एम्. ए. करीत असताना, वर्गमित्रांकडून पैसे जमवून. ते वर्गमित्र नागरिक होते. त्यांच्यापैकी कोणी पुढे कविता लिहिल्या असतील तर त्या भारतीय ठरविण्यास कोणालाही क्षणभर विचार करावा लागणार नाही.