पहिल्या हजेरीचा दिवस

नाशिकच्या जुन्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात पोलिसांची गाडी येऊन थांबते. डोक्यावर बुरखा ओढलेला आरोपी खाली उतरतो. बाहेर ताटकळलेले नातेवाईक वकिलाला विचारतात, ‘साहेब, पीसीआर लागेल की एमसीआर?’ पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, एवढीच त्यांची चिंता असते. आत सरकारी वकील तपासाची कारणे सांगतात, मॅजिस्ट्रेट कागद चाळतात आणि आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ ज्यांच्याविरुद्ध बोलायचे ते शेजारीच उभे असतात आणि रात्री पुन्हा त्यांच्याच ताब्यात जायचे असते. अशा वेळी मान आपोआप नकारार्थी हलते. पुढचा पुकारा होतो.

या काही मिनिटांचे मोल किती, हे नाशिकमध्येच सुरू झालेल्या एका प्रकरणातून दिसते. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकातील स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. दहशतवादविरोधी पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांची अटक २३ ऑक्टोबरची दाखवली आणि २४ तारखेला त्यांना नाशिकच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले. आपल्याला १० ऑक्टोबरपासूनच बेकायदा डांबून छळ केला, असे त्यांनी नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितले. आरोपपत्र दाखल झाले २० जानेवारी २००९ रोजी. ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो. २४ ऑक्टोबरपासून मोजले तर तो ८९वा दिवस होता. १० ऑक्टोबरपासून मोजले तर मुदत केव्हाच उलटली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांचे म्हणणे फेटाळले: दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडपासून, आणि आधीच्या अटकेचा दावा सिद्ध झालेला नाही. नाशिकच्या पहिल्या हजेरीत तशी तक्रार केली नव्हती, ही बाब त्यांच्याविरुद्ध गेली. जामीन मिळायला एप्रिल २०१७ उजाडला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने या खटल्यातील सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

त्याच मालेगावात दोन वर्षे आधी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले होते. त्या प्रकरणात नऊ मुस्लिम पुरुषांना ‘मोक्का’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली अटक झाली. या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. म्हणूनच तो जबाब आणि तो देणारा माणूस, दोघांनाही मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची सक्ती कायद्याने केली आहे. छळाची तक्रार झाली तर वैद्यकीय तपासणीचा आदेश द्यावा लागतो. आरोपींनी कबुलीजबाब नंतर नाकारले. तरीही जामीन झाला तो नोव्हेंबर २०११ मध्ये. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले तेव्हा नवांपैकी एक जण हयात नव्हता.

या दोन प्रकरणांवर गावोगावी पक्ष पडले. एकाच्या तुरुंगातल्या वर्षांसाठी हळहळणारा दुसऱ्याच्या वर्षांकडे पाहायला तयार नसतो. मला दोन्हीकडची वर्षे सारखीच वाटतात. दोन्हीकडे निकालाआधीच माणसे आत होती. बॉम्बने मेलेल्यांच्या घरच्यांनाही यातून न्याय मिळाला नाही.

अटक करणारा आणि कोठडी ठरवणारा वेगळा असावा, हे तत्त्व नाशिकला जुन्या काळापासून ठाऊक असायला हवे. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वरच्या न्यायालयात पाठवणारे नाशिकचे जॅक्सन हे कलेक्टरही होते आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटही. राज्य चालवणारा आणि राज्याच्या विरोधकाचे पहिले कागद पाहणारा हात एकच होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ५०व्या अनुच्छेदाने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे सांगितले आणि मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला.

जगानेही हेच मानले. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा ९वा अनुच्छेद सांगतो, की गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेल्याला तातडीने न्यायाधीशापुढे न्यावे. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. कराराच्या मानवाधिकार समितीने १९९६ मध्ये हंगेरीच्या एका प्रकरणात सरकारी वकिलाने वाढवलेली कोठडी अमान्य ठरवली, कारण आरोप ठेवणारी बाजू तटस्थ असू शकत नाही. समितीच्या मते ‘तातडीने’ म्हणजे साधारण ४८ तास. आपल्या घटनेचा २२वा अनुच्छेद त्याहून कडक आहे: प्रवासाचा वेळ सोडून २४ तास. पण त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट ठेवली आहे. झोपडपट्टीदादा वगैरेंविरुद्धच्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतो, सरकार तो मंजूर करते, प्रकरण सल्लागार मंडळापुढे तीन आठवड्यांत जायचे असते. या सगळ्यात माणूस मॅजिस्ट्रेटचे तोंड पाहत नाही. ही पळवाट झोपडपट्टीदादांच्या बातम्यांखाली झाकून जावी, हे मला मान्य नाही.

देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन जण अजून दोषी ठरलेले नाहीत. त्यातल्या प्रत्येकाची पहिली हजेरी कुठल्या ना कुठल्या न्यायालयात झालेली आहे.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या कोणावर ही वेळ आली तर त्याला एवढे सांगा. वकील नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे मोफत वकील मागायचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो देते. पकडल्याची खरी तारीख आणि खरी वेळ सांगायची. मारहाण झाली असेल तर वळ दाखवायचे. आणि सांगितलेले सगळे त्याच दिवशी कागदावर नोंदवून घ्यायला लावायचे.