सर्व्हरची रोजकीर्द

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन-तुरीची आवक जोरात असली की मुनीम सौद्यागणिक खतावणी उघडत बसत नाही. व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो, खातेवार नोंद मागाहून सवडीने होते. आरआरडीकॅश्ड नावाचा लिनक्सवरचा छोटासा प्रोग्राम सर्व्हरच्या आकड्यांची हीच उस्तवारी करतो.

त्याचं घराणं तीसेक वर्षांचं. 1994 साली, म्हणजे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, टोबियास ओटिकर इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात काम करत होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, तीही 64 किलोबिटची. ती कितपत तुंबली आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी सतत बदलणारा आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला, तो एमआरटीजी. त्यातूनच 1999 साली आरआरडीटूल आलं. त्याची खुबी अशी की फाइल जन्मतःच ठरलेल्या आकाराची असते. ताजे आकडे पाच-पाच मिनिटांचे, जुन्यांची तासाची नि दिवसाची सरासरी, आणि जागा संपली की सर्वांत जुन्यावर नवा लिहायचा. डिस्क भरण्याची धास्तीच नाही.

दुखणं निघालं ते लिहिण्यात. एक आकडा टाकायचा तरी फाइल उघडा, तिचं शीर्ष वाचा, दोन-चार ठिकाणी थोडं थोडं लिहा, बंद करा. शंभर-दोनशे फायलींच्या महाविद्यालयाला याचं काही वाटणार नाही, आणि तिथे आरआरडीकॅश्ड बसवणं हा निव्वळ हौसेचा भाग. पण प्रत्येक स्विचच्या प्रत्येक पोर्टची फाइल धरत आकडा वीस हजारांवर गेला, तर पाच मिनिटांच्या फेरीत सेकंदाला 67 फायली होतात. फिरत्या डिस्कला इकडून तिकडे उड्या मारत सेकंदाला शंभरेक कामं जेमतेम जमतात. मग फेरी वेळेत संपत नाही आणि आलेखात भोकं पडतात.

यावरचा उपाय म्हणून आरआरडीकॅश्ड 2009 साली आरआरडीटूलच्या 1.4 आवृत्तीत आला. तो लिहिला कलेक्टडी या आकडे गोळा करणाऱ्या प्रोग्रामचे कर्ते फ्लोरियन फोर्स्टर यांनी. नवे आकडे मेमरीत साठतात आणि एका फाइलीचे पाच-सहा आकडे एका दमात लिहिले जातात. आलेख मागितला की तेवढ्या फाइलीचे थकलेले आकडे आधी उतरवले जातात, म्हणून पाहणाऱ्याला शिळं चित्र दिसत नाही.

डेबियन किंवा उबंटूवर पॅकेज एका आज्ञेत बसतं. खरं काम त्याच्या सेटिंगच्या फाइलीत. राइट टाइमआउट, म्हणजे आकडा मेमरीत किती वेळ थांबवायचा तो काळ, मुळात 300 सेकंद असतो. फेरीच पाच मिनिटांची असेल तर एवढ्या वेळात जमणार काय? तो 1800 करावा. राइट जिटरही तितकाच ठेवावा, म्हणजे हजारो फायली एकाच क्षणी डिस्कवर तुटून पडत नाहीत. ज्या वापरकर्त्याच्या नावाने मोजणी चालते त्याला आरआरडीकॅश्डच्या सॉकेटवर लिहिण्याची परवानगी हवी; बसवणाऱ्याचा अर्धा वेळ बहुधा इथेच जातो.

जर्नलच्या, म्हणजे डिस्कवरच्या रोजकीर्दीच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. अर्ध्या तासाचे आकडे मेमरीत ठेवायचे आणि जर्नलची जागा रिकामी सोडायची, हे वळवाच्या एका सरीने वीज जाणाऱ्या आपल्या मुलखात परवडणारं नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या किती जुन्या आहेत ते ज्याचं त्याला ठाऊक. जर्नलची वाट दिलेली असेल, तर आलेला प्रत्येक आकडा तिथे ओळीने टिपला जातो. मशीन पुन्हा सुरू झाली की आरआरडीकॅश्ड आधी जर्नल वाचून राहिलेले आकडे मेमरीत घेतो, मगच नव्यांना दार उघडतो. या नोंदी एकामागोमाग एक जात असल्याने डिस्कलाही जड जात नाहीत.

विद्यापीठाच्या नांदेडच्या मशीनवर साठवण आणि लातूरच्या उपपरिसरात मोजणी अशी मांडणी करायची झाली, तर आरआरडीकॅश्ड टीसीपीवर 42217 या पोर्टवर ऐकू शकतो. पण समोरचा कोण, हे तो विचारत नाही. पासवर्डची सोयच नाही. तेव्हा फायरवॉलमध्ये लातूरच्या एका पत्त्यालाच वाट द्यावी आणि -पी या पर्यायाने नेमक्या कोणत्या आज्ञा चालतील ते बांधून टाकावं. हा पर्याय ऐकण्याचा पत्ता सांगणाऱ्या -एलच्या आधी लिहायचा. मागाहून लिहिलात तर त्या सॉकेटला लागू होत नाही.